वॉशिंग्टन (आडनाव)

वॉशिंग्टन हे मूळचं इंग्लंडच्या ईशान्येकडच्या एका गावावरून पडलेलं आडनाव, आपल्याकडे गावाला कर लावून होतात तसलंच. हे गाव संडरलँडजवळ आहे, पूर्वी डरहॅम काउंटीत मोडायचं. बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या सरदाराने आपलं हर्टबर्न गाव डरहॅमच्या बिशपला देऊन बदल्यात हे घेतलं आणि पुढे त्याच्या घराण्याला याच गावाचं नाव लागलं. बिशपच्या जमिनींची 1183 ची जी नोंदवही आहे, बोल्डन बुक, त्यात हा व्यवहार सापडतो, वर्षाला 4 पौंड भरायचे आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाला की 4 ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं.

घराण्याची एक शाखा लँकशायरमधे गेली, तिथून नॉर्थॅम्प्टनशायरला. तिथे लोकरीचा व्यापारी लॉरेन्स वॉशिंग्टन याने 1539 मधे सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. घराण्याचं चिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन लाल आडवे पट्टे आणि वर तीन लाल तारे, आणि वॉशिंग्टन डी.सी. शहराचा 1938 पासूनचा झेंडा बघितला तर तोच आहे! याच घराण्यातला एक पाद्री 1643 मधे प्युरिटन म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दारूच्या गुत्त्यात बसतो असा ठपका ठेवून पदावरून काढला, आणि त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या जहाजावर नोकरी धरून 1656-57 च्या सुमारास व्हर्जिनियात पोचला आणि तिथलाच झाला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

खरी मोठी गोष्ट पुढची आहे. अमेरिकेच्या 2000 च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे 1 लाख 63 हजार लोक होते आणि त्यातले जवळपास 90 टक्के कृष्णवर्णीय. या सगळ्यांचे पूर्वज जॉर्जच्या मळ्यावर गुलाम होते असं सर्रास समजलं जातं पण ते चूक आहे. 1865 ला गुलामगिरी संपली तेव्हा अनेकांना कागदोपत्री आडनाव पहिल्यांदाच लावायचं होतं, आणि बऱ्याच जणांनी ते स्वतः निवडलं, मालकाचंच घेतलं असं नाही. म्हणून या आडनावाचा इतिहास सरदार-जहागीरदारांपाशी थांबवणं मला अन्यायाचं वाटतं.

कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर वॉशिंग्टन यांचंच घ्या. 1856 च्या सुमारास व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म, नुसतं बुकर एवढंच नाव. शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा बाकीच्या पोरांना दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत हे लक्षात आलं, आणि आपला नंबर आल्यावर त्यांनी अगदी शांतपणे "बुकर वॉशिंग्टन" सांगून टाकलं, जणू जन्मापासून हेच नाव होतं. वॉशिंग्टन हे त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव. आईने जन्मल्यावर आपलं नाव बुकर टॅलिआफेरो ठेवलं होतं हे त्यांना नंतर कळलं, मग तेही मधे घालून ते बुकर टी. वॉशिंग्टन झाले आणि 1881 पासून अलाबामात टस्कीगीची शाळा उभी केली.