परिसंस्था

एखाद्या ठिकाणचे सगळे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सर्वांची आपसात चाललेली देवघेव मिळून परिसंस्था बनते. आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ही संकल्पना मांडली. सजीव आणि त्यांचा भोवताल यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. परिसंस्थेला आकाराची अट नाही. पावसाचे डबकेही परिसंस्था आणि महासागरही.

वनस्पती सूर्यप्रकाशातली ऊर्जा अन्नात साठवतात. खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाताना तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. पुढच्या पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्सा पोहोचतो. हरणांच्या मानाने वाघ नेहमीच थोडे असतात, ते यामुळेच. द्रव्यांचे तसे नाही. गळलेले पान बुरशी आणि जिवाणू कुजवतात, त्यातले नायट्रोजन, फॉस्फरस मातीत उतरतात आणि मुळे ते पुन्हा वर ओढून घेतात.

भोवताल सजीवांना घडवतो, हे लगेच पटते. सजीवही भोवताल घडवतात, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही, आणि परिसंस्थेचे खरे मर्म तिथेच आहे. उत्तर पॅसिफिकमधले समुद्री पाणमांजर पाण्यावर उताणे पडते, छातीवर दगड ठेवते आणि त्यावर शिंपले आपटून फोडते. त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. थंड पाण्यात ऊब टिकवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खावे लागते, आणि त्यात सागरी अर्चिन नावाचे काटेरी प्राणी भरपूर असतात. हे अर्चिन केल्प नावाच्या उंच सागरी शैवालावर जगतात. फरसाठी झालेल्या बेसुमार शिकारीने पाणमांजरे जिथून संपली, तिथे अर्चिन माजले आणि केल्पची जंगले तळापासून कुरतडली गेली. त्यांच्यासोबत माशांचा आसरा गेला, लाटांचा जोर कमी करणारा पडदाही गेला. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या संशोधकांनी अलास्काच्या अल्यूशन बेटांवर पाणमांजरे असलेल्या आणि नसलेल्या किनाऱ्यांची तुलना करून १९७४ मध्ये हा संबंध दाखवून दिला. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर पाणमांजरांना संरक्षण मिळाले आणि ती परतली, तिथे केल्पही पुन्हा उभे राहिले. १९९० च्या दशकात त्याच बेटांवर पाणमांजरे पुन्हा झपाट्याने घटली, तेव्हा काही वर्षांतच समुद्रतळ पुन्हा अर्चिनांनी व्यापला.