दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवताना आणि पाठवताना
(टेक्सासमधील आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वेबसाइटवर पैसे भरले की बंदूक घरपोच येईल, असे समजून बरेच जण आम्हाला फोन करतात. ती घरपोच येत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे एका राज्यातल्या खासगी माणसाने दुसऱ्या राज्यातल्या खासगी माणसाला बंदूक थेट देता येत नाही. मध्ये आमच्यासारखा परवानाधारक डीलर, म्हणजे एफएफएल, लागतोच. देणारा सख्खा भाऊ असला, बंदूक भेट म्हणून असली, तरी नियम तोच. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बंदूक केंद्रीय कायद्याने या अटीतून वगळली आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेले जुने हत्यार या कायद्यात बंदूक धरले जात नाही. पण दोन्ही बाबतीत आपल्या राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, म्हणून पाठवण्याआधी एकदा विचारा.

आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग पार्सल. उलटे झाले की पैसे आणि आठवडे दोन्ही जातात.

ऑर्डर देण्याआधी: तुमचा व्हिसा

आपल्या लोकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. कायद्यात थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी लागणारा एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असेल तर बंदुकीचे पैसे भरण्याआधी आम्हाला दाखवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना खरेदी करता येते. त्यांनी कार्ड सोबत आणावे, कारण त्यावरचा क्रमांक खरेदीच्या वेळी भरायच्या ४४७३ फॉर्ममध्ये लिहावा लागतो.

नवऱ्याचे ग्रीन कार्ड अजून आलेले नाही म्हणून बायकोच्या किंवा मित्राच्या नावावर बंदूक घेऊ, असा विचार मनातही आणू नका. प्रत्यक्षात बंदूक ज्याच्यासाठी आहे त्याचेच नाव फॉर्मवर हवे. ज्याला बंदूक बाळगायला मनाई आहे अशा दुसऱ्यासाठी आपल्या नावावर खरेदी करणे हा २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा आहे. तसा संशय आला तर आम्ही विक्री थांबवतो, ग्राहक कितीही जुना असला तरी.

वयाची अट: रायफल आणि शॉटगनसाठी १८ पूर्ण, हँडगनसाठी २१ पूर्ण. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही, आणि तुम्ही तो घेता का, हे फॉर्मवर स्पष्ट विचारलेले असते.

मागवताना

विकणाऱ्याला आमचे नाव कळवा आणि त्याच दिवशी आम्हालाही कळवा. विकणारा डीलर असेल तर आम्ही आमच्या परवान्याची सही केलेली प्रत त्याला पाठवतो. तो एटीएफच्या (डीलरांना परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) ईझेड चेक या वेबसाइटवर परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकून परवाना खरा आणि चालू आहे का, हे पाहतो. ही प्रत पोहोचेपर्यंत त्याने बंदूक रवाना करायची नसते.

विकणारा खासगी माणूस असेल तर खोक्यात त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत हवी. त्याचे नाव आणि पत्ता नसेल तर आमच्या बाउंड बुकमध्ये, म्हणजे बंदुकांच्या नोंदवहीत, नोंद पूर्ण होत नाही, आणि अपुऱ्या नोंदीवर आम्ही बंदूक पुढे देत नाही. सोबत एका चिठ्ठीवर तुमचे नाव आणि फोन नंबर असू द्या. नुसती बंदूक आली तर ती कोणाची, हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.

पार्सल आले की सिरियल नंबर बिलाशी ताडून आम्ही नोंद करतो आणि तुम्हाला फोन करतो. येताना फोटो असलेले सरकारी ओळखपत्र आणा. त्यावर सध्याचा राहता पत्ता हवा. पोस्ट बॉक्स चालत नाही. घर बदलले पण लायसन्सवर जुनाच पत्ता आहे, याच एका कारणाने सर्वाधिक लोक काउंटरवरून परत जातात. अशा वेळी नव्या पत्त्याचे दुसरे सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीचे रजिस्ट्रेशन, सोबत आणले तर काम होते.

मग ४४७३ फॉर्म आणि एफबीआयची एनआयसीएस, म्हणजे ग्राहकाच्या पार्श्वभूमीची, तपासणी. तिथून तीनपैकी एक उत्तर येते: पुढे जा, थांबा किंवा नकार. ‘थांबा’ आले तर कामकाजाचे तीन दिवस जावे लागतात. वय २१ च्या आत असेल तर ही मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढू शकते. नकाराचे कारण आम्हाला सांगितले जात नाही. दाद थेट एफबीआयकडे मागायची असते. तुमच्याकडे टेक्सासचा एलटीसी (हँडगन सोबत बाळगण्याचा) परवाना असेल तर ही तपासणी वेगळी करावी लागत नाही, फॉर्म मात्र भरावाच लागतो. तपासणीनंतर ३० दिवसांत बंदूक नेली नाही तर सगळे पहिल्यापासून.

दुसऱ्या राज्यात फिरायला गेला असाल आणि दुकानात रायफल आवडली, तर दोन्ही राज्यांचे कायदे पाळून तिथला डीलर ती तुम्हाला तिथेच देऊ शकतो. हँडगन तशी मिळत नाही. ती तुमच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवावीच लागते.

पाठवताना: कोणाच्या हाती द्यायची

यूपीएस आणि फेडेक्स खासगी माणसाकडून बंदूक स्वीकारत नाहीत. त्यांच्याशी करार केलेल्या परवानाधारकाकडूनच घेतात. आत काय आहे ते न सांगता गल्लीतल्या पार्सलच्या दुकानात खोके ठेवून येणे हा मार्ग नाही. पार्सल पकडले जाते किंवा हरवते, आणि मग विम्याचा दावाही उभा राहत नाही.

पोस्टाने खासगी माणसाला रिकामी रायफल किंवा शॉटगन कोणत्याही राज्यातल्या एफएफएलकडे पाठवता येते. हँडगनसाठी १९२७ च्या कायद्याने सामान्य माणसाला पोस्ट बंद केले, तेव्हा हँडगन थेट आमच्याकडे आणा. काडतुसे पोस्टाने अजिबात जात नाहीत. बंदुकीच्या खोक्यात तर एकही नको.

समोरचा डीलर खासगी माणसाकडून पार्सल घेतो का, हे आधी विचारा. बरेच जण घेत नाहीत. कॅलिफोर्नियात पाठवायचे असेल तर आम्हाला तिथल्या सरकारी यंत्रणेतून सीएफएलसी, म्हणजे पार्सलच्या मंजुरीचा, क्रमांक काढावा लागतो, आणि हँडगन तिथल्या मान्य यादीत आहे का हेही पाहावे लागते. दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये चालत नाही. ते काढून ठेवा. न्यू जर्सीत घेणाऱ्याकडे रायफलसाठी पर्चेसर आयडी कार्ड आणि हँडगनसाठी वेगळे परमिट हवे. परमिट हातात येईपर्यंत पार्सल करू नका.

पॅकिंग

मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पाहा. चेंबरमध्ये झेंडी किंवा केबल लॉक घाला. लांब बंदूक खोक्याच्या टोकातून बाहेर येते: वाटेत खोके उभे आपटले की नळीचे तोंड पुठ्ठा फाडते. म्हणून नळीच्या तोंडाला आणि दस्त्याला दोन इंच जाड फोम लावा, बंदूक कडक केसमध्ये ठेवा आणि केस साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. दुर्बीण वर लावलेलीच असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, नाहीतर माउंट वाकतो. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे उपकरण) असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा. खोक्यावर बंदुकीच्या कंपनीचे नाव, चित्र किंवा ‘गन’ असलेले दुकानाचे नाव नको. बंद करण्याआधी सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. नुकसानीच्या दाव्यात तोच कामी येतो.

फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा, एकटा असला तरी कायद्याने तीच बंदूक आहे. नळी, दस्ता, ट्रिगर हे सुटे भाग साध्या पार्सलने जातात.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे आणि फार थोड्यांना माहीत असतो. बंदूक कारखान्याकडे किंवा परवानाधारक गनस्मिथकडे गेली, तर ती दुरुस्त होऊन थेट तुमच्या घरी परत येऊ शकते. ४४७३ लागत नाही.

राज्य बदलताना

स्वतःची बंदूक स्वतःच्या गाडीतून नेता येते. १९८६ च्या कायद्याने मधल्या राज्यांतून जाण्याची मुभा आहे, पण दोन्ही टोकांना ती बाळगणे कायदेशीर हवे, बंदूक रिकामी हवी आणि हाताशी नको. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत ठेवा. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. विमानाने जाताना कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. मध्येच विमान चुकले आणि न्यू जर्सी किंवा न्यू यॉर्कमध्ये रात्र काढावी लागली, तर ती पेटी ताब्यात घेऊ नका. २००५ मध्ये नेवार्कला एका प्रवाशाने ती हॉटेलवर नेली आणि दुसऱ्या दिवशी चेक-इन करताना त्याला अटक झाली. पुढे अपिलातही निकाल त्याच्या विरुद्धच गेला. कॅलिफोर्नियात राहायला गेल्यावर ६० दिवसांत नोंद करावी लागते.

भारत

भारतात बंदूक किंवा काडतुसे पाठवण्याचे काम आम्ही घेत नाही. इकडचा निर्यात परवाना आणि तिकडची परवानगी, दोन्ही वेगळे विषय आहेत. पण एक जरूर करा: रेंजवर नेलेली बॅग घेऊन मुंबईला जाऊ नका. शिवणीत अडकलेले एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडले तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रेंजची बॅग वेगळीच ठेवा, आणि तीच न्यायची वेळ आली तर सगळे कप्पे उलटे करून झटका.