४१ नंतर थेट ४३: मधला ४२ गेला कुठे?

डेटाबेसच्या टेबलमध्ये नोंदींना आपोआप मिळणाऱ्या नंबरांत ४१ नंतर एकदम ४३ दिसला की कुणी नोंद पुसली असा संशय येतो. बहुतेक वेळा ४२ नंबरची नोंद झालेलीच नसते. कुणाचा तरी इन्सर्ट (नवी नोंद घालणे) युनिक अटीत (तेच मूल्य दोनदा नको) अडकलेला असतो किंवा ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारे बदल) रोलबॅक, म्हणजे रद्द, झालेले असते.

नोंद टिकणार की नाही हे ठरण्याआधीच तिला नंबर मिळतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नेक्स्टव्हॅल हे फंक्शन सीक्वेन्स, म्हणजे नंबर देणारा काउंटर, पुढे ढकलते. रोलबॅकने बाकी सगळे पूर्ववत होते, हा आकडा मात्र मागे येत नाही. यावा तरी कसा? ४२ घेणारे ट्रान्झॅक्शन चालू असतानाच दुसऱ्याने ४३ घेऊन कमिटही केलेले असते, म्हणजे बदल कायम केलेले असतात. ४२ परत घ्यायचा तर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवावे लागेल.

फसलेला इन्सर्ट निदान एरर तरी देतो. अपसर्ट (नोंद असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) मुकाट्याने नंबर खातो. पोस्टग्रेसचे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ असो वा मायएसक्यूएलचे ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’, जुनी नोंद सापडली तरी नंबर खर्च होतोच. दर मिनिटाला १०,००० जुन्या नोंदी अपसर्ट करणारा जॉब दिवसाला १ कोटी ४४ लाख नंबर जाळतो. ३२ बिटांच्या इंटीजरची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा मग साधारण १४९ दिवसांत संपते, तीही एकही नवी नोंद न पडता! खरी काळजी याची करावी, फटींची नव्हे. कॉलम बिगइंट (मोठ्या आकड्यांचा प्रकार) करा. पोस्टग्रेसमध्ये तो सीरियल या आपोआप नंबर देणाऱ्या प्रकाराने बनवला असेल तर सीक्वेन्सचा प्रकारही वेगळा बदलावा लागतो. हे हमखास राहून जाते. जॉबमध्ये आधी अपडेट करून, नोंद नसेल तरच इन्सर्ट करावा. युनिक अट मात्र काढू नका.

एकदम १,००० ची उडी दिसली तर कारण वेगळे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१२ च्या आवृत्तीपासून आयडेंटिटीचे (आपोआप नंबर मिळणाऱ्या कॉलमचे) आकडे आगाऊ राखून ठेवतो. सर्व्हर अचानक बंद पडला की ते वाया जातात. २०१७ च्या आवृत्तीपासून ही कॅश (आगाऊ साठा) बंद करता येते, पण रोलबॅकच्या फटी तरीही राहतात. मायएसक्यूएल ८.० पूर्वी इनोडीबी या त्याच्या स्टोरेज इंजिनचा काउंटर फक्त मेमरीत असे. शेवटची नोंद पुसून सर्व्हर रीस्टार्ट केला की तोच नंबर नव्या नोंदीला मिळे. फटीपेक्षा हे कितीतरी घातक, कारण जुन्या लॉगमधला नंबर आता भलत्याच नोंदीकडे बोट दाखवतो.

बिलासारखा सलग नंबर हवाच असेल, तर एका ओळीचे वेगळे काउंटर टेबल ठेवा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ते वाढवा. रोलबॅक झाले की काउंटरही मागे येतो. ही वाढ कमिटच्या अगदी आधी करावी, कारण त्या ओळीचे लॉक कमिट होईपर्यंत सुटत नाही आणि तोवर बाकीचे ताटकळत राहतात.