अस्वल गुदगुल्या करून मारतं?

परवा शिराळ्याला पाहुण्यांकडं चांदोलीच्या जंगलाचा विषय निघाला आणि एक काका म्हणाले, "बिबट्या परवडला, अस्वल गुदगुल्या करून मारतं." लहानपणी मलाही हे खरंच वाटायचं, पण खरी गोष्ट त्याहून भारी आहे म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या सह्याद्रीतलं अस्वल म्हणजे स्लॉथ बेअर, वाळवी आणि मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं. वारूळ उन्हात वाळून दगडागत टणक होतं, अस्वल ते तीनेक इंची नख्यांनी फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या चक्क मिटून घेतं (नाहीतर वाळवी नाकात जाईल ना), लांब ओठांची नळी करतं आणि सुर्रकन आत ओढतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतनं आणि खोलगट टाळूमुळं ही ओढ जमते, म्हणजे अगदी व्हॅक्यूम क्लीनर! हा आवाज शंभर मीटरवरनंही ऐकू येतो.

आणि घोटाळा इथंच होतो, स्वतःच्याच आवाजात त्याला आपली चाहूल लागत नाही, नजर अधू, नाक तिखट पण वारा उलटा असला तर नाकाचाही उपयोग नाही. माणूस एकदम समोर दिसला की दचकतं आणि वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढलेला प्राणी असल्यानं पळण्याऐवजी अंगावर येतं. मागच्या पायांवर उभं राहिलं की पंजे नेमके आपल्या तोंडापाशी येतात, म्हणून जखमा डोक्याला, चेहऱ्याला होतात. ती झटापट लांबनं बघून कुणाला तरी गुदगुल्या वाटल्या असाव्यात, असं मला वाटतं.

दोन पायांवर उभं राहतं, पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतं, म्हणूनच माणसाला ते आपल्यातलं वाटलं असणार. जांबवान रामाच्या सैन्यात, जांबवती थेट कृष्णाची बायको. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सप्तर्षींचं जुनं नाव 'ऋक्ष' दिलंय, ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ग्रीकांनाही त्याच ताऱ्यांत अस्वलच दिसलं! त्यांचा 'आर्क्टोस' आणि आपला 'ऋक्ष' मुळात एकच शब्द, आर्क्टिक हे नाव त्यातनंच आलं.

आमच्या आजीनं माझ्या गळ्यात अस्वलाच्या केसाचा ताईत बांधला होता, पोर दचकू नये म्हणून. केस म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच, त्यानं भीती कशी जाईल? तो केस दरवेशाच्या अस्वलाचा. अशा अस्वलांचे सुळे पाडायचे आणि वाळवी ओढायच्या त्याच नाजूक मुस्कटाला तापल्या सळईनं भोक पाडून दोरी ओवायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे खेळ कितीतरी वर्षं गल्लीत येत राहिले, आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि दोरीला हिसका बसला की ते अस्वल उभं राहायचं.