कुरकुर, गाऱ्हाणे आणि उपकारस्तुती

नवापूरकडे भात घरात आला, भुसावळला मुलाला नोकरी लागली, आजी दवाखान्यातून सुखरूप परतली, की पाळकांना निरोप जातो : शनिवारी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, सभा ठेवली आहे. खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत हा शब्द असा सहज येतो. सभा संपल्यावर आठवडाभर त्याच घरात कोणते बोलणे चालते, हा प्रश्न मात्र पवित्र शास्त्राइतका (बायबलइतका) जुना आहे. शास्त्राचे त्यावरचे उत्तर ‘तक्रार करू नका’ एवढ्यावर थांबत नाही.

आधी शब्द पाहू. ‘तक्रार’ मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे. ‘कुरकुर’ हा आवाजावरून आलेला शब्द. नव्या करारातला ग्रीक ‘गाँगिस्मॉस’ही तसाच, तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याच्या आवाजाचा. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. म्हणजे उपकारस्तुती आधी स्मरणाची गोष्ट आहे, मनाच्या प्रसन्नतेची नंतर.

स्मरण कुठे तुटते ते शास्त्रातली निर्गम आणि गणना ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचले की दिसते. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना समुद्र ओलांडून तीन दिवस झाले, पाणी नाही, मारा येथे मिळाले ते कडू. लोक कुरकुरले आणि देवाने पाणी गोड केले, शिक्षा नाही. पुढे भुकेने कुरकुरले तेव्हा मान्ना (रोज सकाळी जमिनीवर मिळणारे अन्न) दिला : माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचे माप. सकाळपर्यंत उरवला तर किडे पडत; सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, तो टिके. गणना ११ मध्ये चित्र पालटते. मान्ना रोज मिळतो आहे, आणि लोकांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवतात, तेही ‘फुकट’ मिळत होते म्हणून. तापी-गिरणेच्या काठच्या माणसाला ही यादी लगेच कळेल. पण त्या यादीत विटांचा हिशेब नाही. पेंढा न देता तितक्याच विटा मागणारे मुकादम ते विसरले होते. इथे मात्र शिक्षा झाली. तहानेच्या हाकेला पाणी मिळाले. भरल्या पोटी खोट्या आठवणींवर चाललेल्या कुरकुरीला नाही. उपदेशात हा फरक बहुतेक वेळा गाळला जातो, आणि मग ज्याच्या घरी खरोखर पाणी नाही त्यालाच गप्प बसवले जाते.

शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन १:२७ आणखी एक गोष्ट सांगते : लोक आपापल्या तंबूत कुरकुरले. देवासमोर नाही, त्यांचा पुढारी मोशे याच्या तोंडावरही नाही. याउलट स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे भरपूर आहेत. स्तोत्र १३ अवघ्या सहा ओव्यांचे. त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवट गाण्यात होतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले आहे. तोंडावर, नाव घेऊन, देवाला सांगितलेले गाऱ्हाणे म्हणजे प्रार्थनाच.

पहिल्या मंडळीतला, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजातला, प्रसंगही असाच. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते म्हणून कुरकुर उठली. शब्द तोच, ‘गाँगिस्मॉस’. प्रेषितांनी उपकारस्तुतीवर प्रवचन दिले नाही. सात माणसे निवडून वाटप त्यांच्याकडे सोपवले. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. तो कुरकुरीला फार कडक, पण स्वयंपाकघरातल्या आठवड्याच्या पाळीवाल्यांना त्याने जेवणाच्या तासभर आधी जादा भाकर आणि पेय द्यायला सांगितले, म्हणजे भुकेल्या पोटी वाढताना ते कुरकुरणार नाहीत. कारण काढून टाकणे हेही मंडळीचे काम आहे, हे त्याला नेमके कळले होते.

प्रेषित पौलाचे ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन (१ थेस्सलनीका ५:१८) सगळ्यात जास्त चुकीचे लागू होते. मुळात ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. इफिस ५:२० मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ असे आहे, हे खरे; पण त्याच अध्यायात अंधाराची कामे उघडी पाडा असेही सांगितले आहे. नवऱ्याचा मार, सावकाराची फसवणूक यांबद्दल आभार माना असे त्या वचनातून काढता येत नाही. गारपिटीने केळीची बाग झोपली तर विम्याची सूचना मुदतीत देणे, पंचनामा मागणे ही कुरकुर नव्हे. ओट्यावर बसून शेजाऱ्याला जास्त मिळाले म्हणून महिनाभर जळणे, ती कुरकुर.

खानदेशात या शिकवणीला दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ, छप्पन्न्या, अजून मोठ्यांच्या बोलण्यात येतो. त्याच सुमाराच्या पुढेमागे भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशन आणि नंदुरबार-नवापूरकडे स्वीडिश मिशनरी काम करू लागले. हंगामाच्या सणाला गावोगावच्या मंडळीत दादर ज्वारी, बाजरी, तूर, केळीचा घड, कोंबडा, अंडी वेदीजवळ येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. अनुवाद २६ मधल्या टोपलीचीच ही रीत. तिथे टोपली ठेवताना शेतकऱ्याने काय म्हणायचे तेही दिले आहे : बाप भटका होता, मिसरात आमचे हाल झाले, आम्ही आरोळी मारली, देवाने ऐकले, आणि हे त्या जमिनीचे पीक. दुःख वगळून केलेली साक्ष या नमुन्यात बसत नाही. आज सभेत साक्ष बिघडते ती दोन ठिकाणी : घर, गाडी, पगार यांची यादी होते, किंवा लूक १८ मधल्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परूश्यासारखी ‘मी इतरांसारखा नाही’ अशी तुलना होते.

घरच्या प्रार्थनेसाठी संत इग्नाशियसने सोळाव्या शतकात घालून दिलेला क्रम उपयोगी पडतो. त्यात उपकारस्तुती पहिली येते आणि चुकांची उजळणी नंतर. रात्री दहा मिनिटे पुरतात. प्रत्येकाने आजच्या तीन गोष्टी सांगाव्यात, कोणी आणि कधी केले यासह. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असे मोघम नको, त्यात काहीच आठवावे लागत नाही. मग गाऱ्हाणे, तेही देवाला उद्देशून. मग त्यातले उद्या कोणाला जाऊन सांगायचे ते ठरवावे : पंचांना, तलाठ्याला, की भावालाच. लहान मुलाने फक्त ‘आज भरीत होते’ एवढेच म्हटले तर ते पूर्ण मानावे. अहिराणीत किंवा मावचीत सांगितले तर दुरुस्त करू नये.