संकटकाळातील सामुदायिक तग आणि काळजी

भूकंप, महापूर, साथीचा रोग, उष्णतेची लाट, युद्ध किंवा गावातला एकमेव कारखाना बंद पडणे अशा आघातानंतर एखादा समुदाय कसा टिकून राहतो, विस्कटलेले रोजचे जगणे पुन्हा कसे उभे करतो आणि त्या काळात कोण कोणाला सांभाळतो, याचा शोध घेणारे समाजशास्त्रीय संशोधन. आपत्तीचे समाजशास्त्र, नातेसंबंधांचा अभ्यास, स्त्रीवादी विचार आणि सार्वजनिक आरोग्य या प्रवाहांतून ते घडत गेले. आघात सोसूनही समुदायाची घडी न मोडणे म्हणजे तग. अडचणीतून वाट काढण्यासाठी माणसे जे करतात, म्हणजे खर्चाला कात्री लावणे, उसनवार करणे, स्थलांतर करणे, श्रद्धेचा आधार घेणे, तो निभाव. आणि या दोन्हींना जिवंत ठेवणारे रोजचे श्रम म्हणजे काळजी. संशोधनात पहिल्या दोन संकल्पनांना फार लवकर मान मिळाला. तिसरी बराच काळ दुर्लक्षित राहिली, आणि त्यामुळे पहिल्या दोन्हींचे आकलनही अपुरे राहिले.

तग ही संकल्पना परिसंस्थाशास्त्रातून आली. सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये जंगलांसारख्या परिसंस्थांविषयी लिहिताना, धक्का पचवूनही आपले अंतर्गत संबंध टिकवून धरण्याच्या क्षमतेची मांडणी केली. समाजशास्त्रज्ञांनी ती उचलली खरी, पण जंगलात नसलेल्या कितीतरी गोष्टी मानवी समुदायात असतात: विषमता, स्मृती, भांडणे, कायदा, मालमत्ता. पूर्वीची घडी पुन्हा बसली असे म्हणताना ती घडी कोणाच्या सोयीची होती, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

सुरुवातीचे अभ्यास

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात स्फोटके वाहून नेणाऱ्या फ्रेंच जहाजाची नॉर्वेच्या जहाजाशी टक्कर झाली. स्फोटात सुमारे दोन हजार माणसे दगावली आणि शहराचा उत्तर भाग भुईसपाट झाला. त्या शहरात धर्मसेवा करणारे सॅम्युएल हेन्री प्रिन्स यांनी पुढे कोलंबिया विद्यापीठात या घटनेवर प्रबंध लिहिला. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रबंध आपत्तीचा पहिला पद्धतशीर समाजशास्त्रीय अभ्यास मानला जातो. आपत्ती समाजाला प्रवाही अवस्थेत आणते आणि त्यातून बदलाच्या वाटा खुल्या होतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

संथपणे येणाऱ्या संकटाचा सर्वांत मोलाचा अभ्यास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात झाला. गावाचे पोट ज्या कापडगिरणीवर होते ती १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांचा १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही वाचताना थक्क व्हायला होते, कारण त्यांनी दुःखाची मोजदाद अगदी साध्या खुणांवरून केली. वाचनालयात पुस्तके फुकट मिळत असूनही आणि हाती वेळच वेळ असूनही पुस्तकांची देवघेव घटली. माणसे रस्त्यावरून सावकाश चालू लागली, वाटेत वारंवार थांबू लागली. दिवसभरात काय केले, हे पुरुषांना धड सांगता येईना. बायकांचे मात्र तसे नव्हते. त्यांची मजुरी गेली होती, पण काम गेले नव्हते. उलट तुटपुंज्या भत्त्यात घर चालवण्याचे काम वाढलेच होते. संशोधकांनी कुटुंबांचे चार प्रकार केले: न खचलेली, परिस्थिती मुकाट स्वीकारलेली, हताश आणि पूर्णतः सुन्न झालेली. यांत दुसऱ्या प्रकारची कुटुंबे सर्वाधिक होती. महत्त्वाचे म्हणजे हे प्रकार स्वभावावरून ठरत नव्हते. घरात येणारा पैसा जसजसा कमी, तसतसे कुटुंब खालच्या प्रकाराकडे सरकत होते. तग ही मनाची ताकद आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष नीट पाहायला हवा.

घबराटीची समजूत आणि प्रत्यक्ष वर्तन

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आपत्ती-संशोधनाला वेग आला. त्यामागे सरकारची एक चिंता होती: अणुहल्ला झाला तर नागरिक सैरावैरा पळतील का? १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात एन्रिको क्वारंटेली, रसेल डाइन्स आणि यूजीन हास यांनी आपत्ती संशोधन केंद्र स्थापन केले. १९८५ पासून ते डेलावेअर विद्यापीठात आहे. या केंद्राचे संशोधक आपत्तीनंतर तातडीने घटनास्थळी जात. त्यांच्या हाती आलेले चित्र भीतीच्या नेमके उलट होते. घबराट क्वचित दिसली, लूटमार फार कमी. ढिगाऱ्याखालच्या माणसांना बाहेर काढण्याचे पहिले काम बहुधा शेजारी आणि नातेवाईकच करत होते. काल नसलेले गट आज उभे राहत होते: कोणी अन्न वाटणारे, कोणी बेपत्ता माणसांच्या याद्या करणारे. केंद्राने प्रतिसाद देणाऱ्या संघटनांचे चार प्रकार पाडले आणि अशा ऐनवेळी उभ्या राहणाऱ्या गटांना त्यांत स्वतंत्र स्थान दिले.

चार्ल्स फ्रिट्झ यांनी याच काळात आणखी पुढची मांडणी केली. आपत्तीत दुःख सर्वांचे आणि समोर दिसणारे होते. त्यामुळे एरवीच्या भिंती काही काळ गळून पडतात आणि समुदायच जखमींवर उपचार करतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा ‘काही काळ’ किती, यावर पुढे बरेच संशोधन झाले. पहिल्या आठवड्यांतली एकजूट ओसरते. नुकसानभरपाई, पुनर्वसनाच्या जागा, लाभार्थींच्या याद्या सुरू झाल्या की जुन्या रेषा पुन्हा वर येतात.

घबराटीची समजूत मात्र पुराव्यांनी मेली नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या हिंसाचाराच्या अतिरंजित बातम्या पसरल्या आणि मदतीऐवजी बंदोबस्ताला प्राधान्य मिळाले. ली क्लार्क आणि कॅरन चेस यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की घबराटीचा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो सत्ताधाऱ्यांच्या घबराटीविषयीही विचारला पाहिजे.

समुदाय तुटतो तेव्हा

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक या दरीत कोळसाखाणीच्या टाकाऊ पदार्थांचा बांध फुटला. १२५ माणसे मेली आणि दरीतल्या सुमारे पाच हजारांपैकी चार हजार बेघर झाली. समाजशास्त्रज्ञ काय एरिकसन यांनी बचावलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांतून ‘सामूहिक आघात’ ही संकल्पना आली. व्यक्तीच्या मनावर झालेला घाव वेगळा आणि माणसांना एकत्र बांधणारे धागे तुटणे वेगळे. दुसरा घाव हळूहळू कळतो. आपल्याला आधार देणारा समुदाय आता उरलाच नाही, ही जाणीव मागाहून येते. बेघरांना तात्पुरती घरे देताना जुने शेजार लक्षात घेतले गेले नाहीत. छप्पर मिळाले, पण हाकेच्या अंतरावरचे माणूस अनोळखी झाले. पुनर्वसनात घरांइतकेच शेजारही मोजायचे असतात, हे तत्त्व या अभ्यासाने पक्के केले. ते पाळणे आजही अपवादानेच घडते, ही खेदाची बाब आहे.

प्रदूषणासारख्या मानवनिर्मित आपत्तींत ही तुटण प्रदीर्घ असते. १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ या जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडले. तिथल्या कॉर्डोव्हा या मच्छीमार गावाचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले की तेलाइतकाच त्रास वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्याने दिला. दंडाच्या रकमेचा अंतिम निकाल २००८ मध्ये लागला. दोष कोणाचा, पैसा कोणाला, यावरून अशा गावांत विश्वास झिजत जातो.

शेजार, नाती आणि वगळलेले

जुलै १९९५ मध्ये शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एरिक क्लायननबर्ग यांनी लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या दोन्हींत गरीब आणि एकटे राहणारे वृद्ध जवळपास सारखेच. तरी पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट होता. पहिल्या वस्तीतून उद्योग आणि माणसे निघून गेली होती, पडक्या जागा आणि भीतीमुळे वृद्ध दार उघडत नव्हते. दुसरीतले रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती, त्यामुळे वृद्धांना बाहेर पडायला कारण होते आणि बाहेर ओळखीचे चेहरे होते. आणखी एक गोष्ट: एकट्या राहणाऱ्या वृद्धांत बायका जास्त, पण वयाचा फरक जमेस धरला तर मृत्यूचे प्रमाण पुरुषांत जास्त. बायकांनी आयुष्यभर जपलेली नाती त्या आठवड्यात त्यांच्या उपयोगी पडली.

अशा संबंधांना ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. डॅनियल ऑल्ड्रिच यांनी २०१२ मध्ये टोकियोचा १९२३ चा भूकंप, कोबेचा १९९५ चा भूकंप, तमिळनाडूतील २००४ ची त्सुनामी आणि कॅटरिना यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकसानीची तीव्रता किंवा मदतीचा आकडा यांपेक्षा समुदायातील संबंधांची घनता सावरण्याचा वेग अधिक चांगला सांगते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोबेतील मानो या वस्तीत रहिवाशांना आधीच्या अनेक वर्षांच्या आंदोलनांतून एकत्र काम करण्याची सवय होती. भूकंपानंतर लागलेली आग त्यांनी रांग करून, बादल्यांनी पाणी देऊन रोखली. पण तमिळनाडूतील चित्राला दुसरी बाजू होती. किनाऱ्यावरच्या घट्ट बांधलेल्या पंचायतींनी मदत वेगाने मिळवली, आणि त्याच वेळी दलित, विधवा व मुस्लिम यांसारख्यांना यादीबाहेर ठेवले गेले. समूह जितका घट्ट, तितकी त्याची कुंपणेही उंच असू शकतात. म्हणून संशोधक आपल्यांतले बंध, समूहासमूहांतले पूल आणि शासनापर्यंत पोहोचवणारे दुवे असा भेद करतात. नुसते बंध असून भागत नाही.

काळजीचे श्रम

बेरनिस फिशर आणि जोन ट्रोंटो यांनी १९९० मध्ये काळजीची व्यापक व्याख्या केली: आपले जग टिकवण्यासाठी, चालू ठेवण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी आपण जे जे करतो ते. गरज ओळखणे, जबाबदारी घेणे, प्रत्यक्ष काम करणे आणि काळजी स्वीकारणे, अशा तिच्या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. ही मांडणी संकटाच्या अभ्यासाला नेमकी उपयोगी पडते, कारण आपत्तीत या पायऱ्या वेगवेगळ्या हातांत जातात. जबाबदारी जाहीर करणारा एक असतो, रात्रभर आजाऱ्याजवळ बसणारी दुसरीच असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीकामात जातात आणि त्यातले ७६.२ टक्के काम स्त्रिया करतात. हा आकडा सामान्य दिवसांचा आहे. कोविड साथीत शाळा, पाळणाघरे आणि दवाखान्यांचे नेहमीचे विभाग बंद झाले, तेव्हा त्यांचे काम घरांवर आले. ‘समाजाने तग धरला’ या वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा कुणाची तरी आई, सून, आशासेविका किंवा परिचारिका असते, आणि ते वाक्य लिहिताना तिचे तास मोजलेले नसतात.

काळजीच्या जाळ्याची किंमत कॅरल स्टॅक यांच्या १९७४ च्या अभ्यासात स्पष्ट दिसते. अमेरिकेतील एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत त्यांना वस्तू, पैसे, मुलांचा सांभाळ यांची अखंड देवघेव आढळली. तिच्यामुळेच घरे तगत होती. मात्र एका जोडप्याला वारशाने १५०० डॉलर मिळाले, तेव्हा घरासाठी ठेवायची ती रक्कम नातलगांच्या निकडींत काही आठवड्यांत संपली. आधार देणारे जाळे कुणालाच वर जाऊ देत नव्हते. यात दोष नातलगांचा नाही. बाहेरून पैसा न येणाऱ्या वस्तीत आतला पैसा फक्त फिरत राहतो.

वाद

गेल्या दोन दशकांत शासनसंस्था आणि निधी देणाऱ्या संस्था तगीची भाषा मोठ्या प्रमाणावर वापरू लागल्या, आणि तिच्यावरची टीकाही वाढली. समुदाय सक्षम आहे असे म्हणून सार्वजनिक सेवा कमी करणे, सोसण्याला गुण ठरवणे आणि धोका निर्माण करणाऱ्यांना मोकळे सोडणे, हे मुख्य आक्षेप. ते रास्त आहेत. बफेलो क्रीकच्या लोकांना चिवटपणाची नव्हे, सुरक्षित बांधाची गरज होती. तरीही संकल्पना टाकून देणे योग्य होणार नाही. शेजाऱ्यांनी जीव वाचवले, हे टीकेनेही पुसता येत नाही. वाद सुटतो तो प्रश्न बदलल्यावर: समुदायाने किती सोसले, याऐवजी काळजी घेणाऱ्यांच्या पाठीशी पैसा, वेळ आणि सत्ता किती होती, असे विचारल्यावर.

संशोधनाची नीती

आपत्तीनंतर लगेच माहिती गोळा केली नाही तर ती हरवते, आणि लगेच गेले तर माणसे बोलण्याच्या स्थितीत नसतात. एकाच गावात अनेक पथके उतरून तेच प्रश्न विचारतात, ही तक्रार जगभरातून येते. त्यामुळे दीर्घकाळ चालणारे अभ्यास, स्थानिक संशोधकांचा सहभाग आणि आधी जमवलेल्या माहितीचा पुनर्वापर यांवर आता भर आहे. मारिएनथालच्या पथकाने यासाठी एक नियम केला होता: कोणीही गावात केवळ निरीक्षक म्हणून राहायचे नाही, गावाच्या उपयोगाचे काहीतरी काम प्रत्येकाने करायचे. त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय तपासणीची सोय केली, कपडे बेतण्याचे वर्ग घेतले, आणि या कामांतून झालेल्या ओळखींतूनच त्यांची बरीचशी माहिती आली.