गर्द, ब्राऊन शुगर सोडायचीय पण ॲडमिट होणं जमत नाही? ओपीडीतली ओएसटी ट्रीटमेंट कोणाला मिळते, कागदपत्रं काय लागतात

व्यसन सोडवायचं म्हटलं की घरचे आधी महिनाभर कुठे ठेवता येईल ते शोधायला लागतात. पण गर्द, ब्राऊन शुगर, हेरॉईन किंवा इंजेक्शनने घेतली जाणारी पेनकिलर असेल तर रोज ओपीडीत जाऊन घ्यायची ट्रीटमेंट सरकारी सेंटरवर मिळते, ती पण फुकट, आणि रिक्षा चालवणारा, नाक्यावर उभा राहणारा माणूस काम न सोडता घेऊ शकतो. हिला ओएसटी (ओपिऑइड सबस्टिट्यूशन थेरपी) म्हणतात, म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरने मोजून दिलेलं औषध. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्व्हेत देशात जवळपास ७७ लाख लोकांना अफूवर्गातल्या नशेसाठी मदतीची गरज आहे असं दिसलं होतं. एवढ्या सगळ्यांना बेड कुठून मिळणार, म्हणून ही ओपीडीची वाट सगळ्यांना माहीत असायला पाहिजे.

औषध मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवून विरघळवायची गोळी, काही सेंटरवर मेथाडोन पण असतं, ते पातळ, प्यायचं. मेंदूत गर्द जिथे जाऊन काम करते तिथेच ब्युप्रेनॉर्फिन जाऊन बसते पण तिचा जोर ठरावीक मर्यादेपुढे वाढत नाही, त्यामुळे टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर अंगाला होणारा त्रास, लागत नाही, तलफ कमी होते आणि डोस नीट बसला की माणूस शुद्धीत कामाला जाऊ शकतो. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं नातेवाईक हमखास म्हणतात, तसं नाहीये, ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत.

आता जायचं कुठे. इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी नॅकोची म्हणजे एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ओएसटी सेंटर आहेत, काही सरकारी हॉस्पिटलात, काही संस्था चालवतात. सुया एकमेकांच्या वापरल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतो, तो थांबवायला हे सुरू झालं, म्हणून तिथे इंजेक्शनवाल्यांना प्राधान्य. नुसती ओढणारा, म्हणजे पन्नीवर चेस करणारा असेल तर सरकारी हॉस्पिटलातली ॲडिक्शन ट्रीटमेंट फॅसिलिटी म्हणजे एटीएफ, किंवा मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. जवळचं सेंटर कुठलं ते १४४४६ वर विचारा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, टोल फ्री.

ओएसटी सेंटरवर पात्रता अशी की वय १८ पूर्ण, डॉक्टरने तपासून खरंच डिपेंडन्स म्हणजे नशेशिवाय शरीराला राहवत नाही अशी सवय आहे असं ठरवलेलं (कधीतरी घेणाऱ्याला ही गोळी देत नाहीत) आणि स्वतःची लेखी संमती. घरच्यांनी ओढत आणलं आणि तो नाही म्हणाला तर सुरू होत नाही. १८ च्या खालच्या मुलाला पालकांनी मानसोपचार ओपीडीत न्या. बाई गरोदर असेल तर डॉक्टरला पहिल्यांदा तेच सांगा, ट्रीटमेंट मिळते आणि मिळायलाच हवी, मनाने गर्द एकदम बंद करणं बाळाला धोक्याचं असतं.

कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका. आधार, मतदान कार्ड, रेशन कार्ड जे असेल ते, फोटो, आधीच्या आजारांचे आणि चालू औषधांचे कागद, बाकी केस पेपर आणि संमतीपत्र तिथेच होतं. रस्त्यावर राहणाऱ्याकडे काहीच नसलं तरी परत फिरू नका, त्या भागात सुया वाटणाऱ्या संस्थेच्या वर्करला गाठा, ते लोक स्वतः सेंटरला घेऊन जातात. एचआयव्हीची टेस्ट सुचवतात, करून घ्या, पण ती तुमच्या मर्जीवर आहे.

पहिल्या दिवसाचं मात्र नीट ऐका कारण लोक इथेच बिथरतात. गर्द घेऊन लगेच गोळी खाल्ली तर ती आधीची नशा ढकलून बाहेर काढते आणि जबरदस्त टर्की लागते, मग "औषधानेच त्रास झाला" म्हणून माणूस परत येत नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तास थांबून, जांभया, नाक गळणं, अंगदुखी सुरू झाल्यावर जायचं आणि शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. सुरुवात कमी डोसने होते, मग काही दिवसांत वाढवत नेतात. गोळी नर्ससमोरच विरघळवायची, तोवर बोलायचं नाही, गिळायची नाही, गिळली तर फारशी लागू पडत नाही. दारू आणि बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या यासोबत अजिबात नाही, श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

काउन्सेलिंग म्हणजे लेक्चर नसतं. कुठल्या मित्राच्या फोननंतर तलफ येते, पगाराच्या दिवशी काय करायचं, घरात पैशावरून भांडण कसं टाळायचं, असं सगळं बोलतात, घरच्यांना पण बोलावतात, तेव्हा आई किंवा बायको सोबत गेली तर फार फरक पडतो.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांना असते. नाव नोंदवलं म्हणजे पोलिसात नाव गेलं असं नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ए नुसार स्वतः घेण्याची किंवा अगदी थोड्या मालाची केस असेल आणि माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. विकण्याच्या केसला हे लागू नाही, वकिलाशी बोला.

किती दिवस घ्यायची हे सगळे विचारतात. महिने, बऱ्याचदा वर्षं. तीन महिन्यांत मुलगा बरा दिसायला लागला की घरचे "आता बास" म्हणतात, प्लीज असं करू नका, अचानक बंद केलं की बहुतेक जण परत वळतात आणि तोवर शरीराची सवय गेलेली असते, त्यामुळे जुन्याच मापाने घेतलं तर ओव्हरडोस होतो. बंद करायची तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. मध्ये काही दिवस चुकले तरी लपवू नका, जाऊन सांगा, डोस परत तपासून देतात. गावाला जायचं असेल तर निघायच्या आधीच सेंटरवर सांगून दुसऱ्या सेंटरसाठी ट्रान्सफरचं पत्र घ्या, कारण ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही.